दोन वर्षं न खपलेला नांगर

माझ्या पुतण्याने पुण्याच्या एका कंपनीतली नोकरी सोडली आणि आमच्या बीबीला, लोणार तालुक्यात, शेतीची यंत्रं दुरुस्त करण्याचं वर्कशॉप टाकलं. आमच्या दादांनी, म्हणजे त्याच्या वडिलांनी, त्याच्याशी बोलणंच सोडलं. "तू जन्मभर इतिहास शिकवलास. घाल पोराची समजूत," असं ते मला म्हणाले. मी पोराकडे न जाता दादांपाशीच बसलो आणि त्यांना लक्ष्मणराव किर्लोस्करांची हकिकत सांगितली.

लक्ष्मणरावांचा जन्म १८६९ चा. चित्रकार व्हायचं म्हणून ते मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये गेले. पण डोळ्यांना काही रंग नीट ओळखता येत नाहीत, असं निघालं. मग यांत्रिक ड्रॉइंग शिकून ते व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिक्षक झाले. या संस्थेला १९९७ पासून वीरमाता जिजाबाईंचं नाव आहे. जिजाऊंचं जन्मगाव सिंदखेडराजा आमच्या शेजारचंच, त्यामुळे दादांनी इथे कान टवकारले.

बढतीत डावलल्यावर लक्ष्मणरावांनी ती नोकरी सोडली. पण उडी आंधळी नव्हती. मुंबईहून सायकली विकत घेऊन ते बेळगावला थोरल्या बंधूंकडे, रामूअण्णांकडे, पाठवत. रामूअण्णा त्या विकत आणि लोकांना चालवायलाही शिकवत. 'किर्लोस्कर बंधू' या पेढीची सुरुवात १८८८ ची मानली जाते. सायकलींमागून कडबा कापण्याचं यंत्र आलं आणि मग लोखंडी नांगर.

खरी परीक्षा नांगराने घेतली. लोखंडाने जमीन नासते, अशी शेतकऱ्यांची समजूत होती. पहिला नांगर खपायला दोन वर्षं लागली. त्यातच बेळगावची जागा सोडावी लागली. औंधच्या पंतप्रतिनिधींनी जागा आणि मदत देऊ केली. १९१० साली कुंडल रोड स्टेशनजवळच्या निवडुंगाच्या माळावर कारखाना उभा राहिला. तेच आजच्या सांगली जिल्ह्यातलं किर्लोस्करवाडी.

आपण कौतुक करतो ते राजीनाम्याचं. पण राजीनामा एका दिवसाचा असतो, न खपलेला नांगर रोज सकाळी समोर दिसतो. ड्रॉइंगचा हात लक्ष्मणरावांनी नोकरीतूनच आणला होता, तो वाया गेला नाही. माझा पुतण्याही कंपनीत यंत्रांवरच काम करत होता.

दादा बराच वेळ गप्प होते. मग त्यांनी विचारलं, "त्या दोन वर्षांत त्यांच्या पाठीशी कोण होतं?"

"थोरला भाऊ होता. पेढीच्या नावातच आहे बघा, बंधू."

दादा काही बोलले नाहीत. परवा वर्कशॉपवर गेलो, तेव्हा गिऱ्हाईक एकही नव्हतं. पण पुतण्याशेजारी दादा खुर्ची टाकून बसले होते.

(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)