कोझेन्योव्स्की, रॉबर्ट

कोझेन्योव्स्की, रॉबर्ट : (३० जुलै १९६८ – ). चालण्याच्या लांब पल्ल्याच्या शर्यतींतील पोलिश खेळाडू, चार ऑलिंपिक सुवर्णपदकांचे मानकरी. त्यांचा जन्म आग्नेय पोलंडमधील लुबाचुफ या गावी झाला. बालपणी संधिवाताच्या आजाराने त्रस्त असलेल्या या मुलाने पुढे सर्वांत दमछाक करणाऱ्या खेळांपैकी एकात प्रभुत्व मिळवले.

त्यांच्या कामगिरीचे मोल कळण्यासाठी या शर्यतीचे नियम ध्यानात घ्यावे लागतात. चालणाऱ्याचे एक ना एक पाऊल सतत जमिनीला टेकलेले असावे लागते, आणि पुढे टाकलेला पाय जमिनीला लागल्यापासून शरीराच्या सरळ खाली येईपर्यंत गुडघ्यात वाकता कामा नये. पाऊल टेकलेले आहे की नाही, याचा निवाडा कॅमेऱ्यावर नव्हे, तर पंचांच्या नुसत्या डोळ्यांवर सोपवलेला असतो. कोझेन्योव्स्की यांच्या काळात तीन वेगवेगळ्या पंचांनी लाल कार्ड दिले, की स्पर्धक बाद होत असे. शर्यत लहान फेरीच्या रस्त्यावर होत असल्याने ५० किमी.च्या स्पर्धकाला त्याच पंचांसमोरून पुनःपुन्हा जावे लागे, आणि थकव्याने चाल बिघडू लागे तेव्हाच ती सर्वाधिक पारखली जाई.

१९९२च्या बार्सिलोना ऑलिंपिकमध्ये ५० किमी. शर्यतीत दुसऱ्या क्रमांकावर असताना, अंतिम रेषा अगदी जवळ आली असता, ते बाद ठरले. एवढ्या मोठ्या आघातानंतर त्यांनी वेगाइतकेच महत्त्व चालीच्या शुद्धतेला दिले, हे त्यांच्या कारकिर्दीचे खरे वैशिष्ट्य मानले पाहिजे. १९९६मध्ये अटलांटा येथे त्यांनी हीच शर्यत ३ तास ४३ मिनिटे ३० सेकंदांत जिंकली. रशियाचा मिखाईल श्चेन्निकोव्ह केवळ १६ सेकंदांनी मागे राहिला.

सिडनी ऑलिंपिकमध्ये (२०००) २० किमी. शर्यतीत मेक्सिकोच्या बेर्नार्दो सेगुरा याने अंतिम रेषा प्रथम ओलांडली होती. परंतु त्याच्या नावावर तिसरे लाल कार्ड लागल्याचे निष्पन्न होऊन तो बाद झाला आणि सुवर्णपदक कोझेन्योव्स्की यांच्याकडे आले. हे यश केवळ दैवाने पदरात टाकले असे म्हणता येत नाही, कारण अखेरच्या टप्प्यात वेग वाढवूनही चाल नियमात राखणे हीच या खेळाची कसोटी आहे. आठवडाभरात त्यांनी ५० किमी.चे सुवर्णही जिंकले. एकाच ऑलिंपिकमध्ये या दोन्ही शर्यती जिंकणारे ते पहिलेच खेळाडू होत.

जागतिक अजिंक्यपद स्पर्धांत त्यांनी ५० किमी.मध्ये १९९७ (अथेन्स), २००१ (एडमंटन) व २००३ (पॅरिस) अशी तीन सुवर्णपदके मिळवली. यूरोपीय अजिंक्यपदही त्यांनी १९९८ व २००२मध्ये पटकावले. पॅरिसमधील ३ तास ३६ मिनिटे ३ सेकंद हा तेव्हाचा विश्वविक्रम होता. म्हणजे प्रत्येक किलोमीटर सरासरी ४ मिनिटे १९ सेकंदांत आणि तेही सलग पन्नास वेळा. इतक्या वेगाने एक किलोमीटर धावणेही पुष्कळांना जड जाईल.

२००४मध्ये अथेन्सच्या उन्हाळ्यात त्यांनी ३ तास ३८ मिनिटे ४६ सेकंदांत ५० किमी.चे सलग तिसरे ऑलिंपिक सुवर्ण जिंकले. दुसरा आलेला रशियाचा देनिस निझेगोरोदोव्ह चार मिनिटांहून अधिक मागे होता. या विजयानंतर निवृत्त होऊन त्यांनी पोलंडच्या सार्वजनिक दूरचित्रवाणीच्या क्रीडा विभागाचे प्रमुखपद काही काळ सांभाळले. ५० किमी. चालण्याची शर्यत ऑलिंपिकमध्ये अखेरची २०२१ साली जपानमधील सापोरो येथे झाली, आणि तीही दाविद तोमाला या पोलिश खेळाडूनेच जिंकली.