आणा कुणाचा, हात कुणाचा

साल 1870. तुम्ही संगमेश्वर तालुक्यातल्या एका खोताच्या, म्हणजे गावचा सारा गोळा करणाऱ्याच्या, अंगणात उभे आहात. भात झोडून झालंय, खळ्यावर तूस उडतंय. कुळं उकिडवी बसलीत, कोणी अर्धं पीक खोताला देणारी अर्धेली, कोणी तिसरा हिस्सा देणारी तिरधेली. ओटीवर चढू नका. तुमची जात अजून कोणी विचारलेली नाही, पण विचारतील.

कारकून चोपडी उघडतो. साऱ्याच्या रुपयामागे एक आणा जादा. याला तो ‘लोकल फंड’ म्हणतो. हा आणा 1863 पासूनच निघू लागला, कायदा मात्र झाला 1869 मध्ये. आधी वसुली, मग कायदा. जमलेल्या आण्यांचे तीन वाटे पडतात, दोन रस्त्यांना आणि एक शाळांना. बारा रुपये सारा असेल तर बारा आणे द्यायचे, त्यातले चार आणे शाळेचे. हा आणा खोत स्वतःच्या पदरचा भरेल, असं अंगणातल्या एकालाही वाटत नाही.

“शाळा कुठे आहे?” तुम्ही विचारता.

“हाय की. तालुक्याला.”

म्हातारा हसतोय, पण कारकुनाकडे न बघता. आणा सगळ्या गावांचा, शाळा मोजक्या गावांत. आणि असलेली शाळा तरी कसली! देवळाची ओवरी, नाहीतर कुणाची तरी पडवी. मृगाआधी नळे परतले नाहीत तर मुलं आणि पाणी एकाच जागी बसणार. परतायचे कुणी, कुणाच्या पैशाने, हे या अंगणात ठरत नाही. तुम्ही सवयीने हात वर केलात तर माशी वारताय असं लोक समजतील.

बारा वर्षं पुढे या. 1882 मध्ये जोतीराव फुले शिक्षणाची चौकशी करणाऱ्या हंटर कमिशनपुढे निवेदन मांडतात. पैसा शेतकऱ्याच्या घामाचा, आणि त्यातून शिकतात वरच्या जातींची मुलं, हा त्यांचा मुद्दा. संगमेश्वरच्या म्हाताऱ्याने तो हसून सांगितला होता. 1884 मध्ये लोकल बोर्डांचा कायदा येतो, थोडी निवडणूकही येते. पण मत द्यायला मालमत्ता लागते, आणि खोतीच्या जिल्ह्यात मालमत्ता कुणाची हे वेगळं सांगायला नको.

आता दापोली. 1890 नंतरचा एक पावसाळा. गावाला लोक अजून कॅम्प दापोली म्हणतात. पलटणीतून निवृत्त झालेले महार पेन्शनर इथे घरं करून राहिलेत. त्यांना लिहिता-वाचता येतं, अर्ज कसा करायचा तेही कळतं. (याच कॅम्पात काही काळ सुभेदार रामजी सकपाळ राहिले, बाबासाहेबांचे वडील.) आमच्या मुलांना शाळेत घ्या, असा त्यांचा अर्ज आहे. शाळा सार्वजनिक पैशावर चालते, मग दार कुणासाठी बंद? बरीच ओढाताण होऊन तोड निघते ती अशी, की मुलांनी यावं, पण पडवीत बसावं.

तुम्ही त्या पडवीत बसा थोडा वेळ. वर पागोळ्या, समोरून झड. पाटी पुसायला वेगळं पाणी नको. मास्तर आत फळ्याशी बोलतात, अर्धं ऐकू येतं. आपण आज शाळेचं छप्पर गळतं म्हणून तक्रार करतो. इथे छप्पर धड आहे, फक्त ते या मुलांच्या डोक्यावर पुरतं येत नाही. कुठल्याही दुरुस्तीच्या अंदाजपत्रकात न मावणारी ही गळती आहे.

या लढ्यात गोपाळबाबा वलंगकर होते, तेही पलटणीतले पेन्शनर. 1895 मध्ये त्यांना महाड तालुका लोकल बोर्डावर नेमलं तेव्हा वरच्या जातीच्या सभासदांना ते रुचलं नाही. आणा चालत होता, आण्यामागचा माणूस शेजारी बसलेला चालत नव्हता.

इथून लांब उडी, थेट कलकत्त्याला. 19 मार्च 1912. कायदे कौन्सिलात उभे आहेत गोपाळ कृष्ण गोखले. जन्म कोतळूकचा, म्हणजे आपल्याच गुहागरचा. वर्षापूर्वी मांडलेलं त्यांचं सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचं विधेयक आज मताला टाकलं जाणार आहे. त्यातली योजना नेमस्त माणसाला शोभेल अशीच जपून आखलेली. नगरपालिकेला किंवा जिल्हा बोर्डाला वाटलं, तर त्यांनी आपल्या हद्दीत शिक्षण सक्तीचं करावं आणि त्यासाठी कर बसवावा. ज्या पालकाची कमाई महिना दहा रुपयांच्या आत, त्याच्या मुलाला फी नाही. विधेयक पडणार हे गोखल्यांना ठाऊक आहे, तसं ते बोलूनही दाखवतात. मोजणी होते. बाजूने 13, विरुद्ध 38.

शाळेसाठी स्थानिक कर असावा का, यावर या प्रवासात तुम्हाला दिसलेलं हे पहिलं मतदान. संगमेश्वरच्या अंगणातलं त्यात कोणी नाही. 1918 मध्ये विठ्ठलभाई पटेलांनी मुंबई इलाख्यातल्या नगरपालिकांपुरतं सक्तीचं शिक्षण कायद्यात आणलं.

आजच्या काळात परत या. रत्नागिरी नगर परिषदेची खिडकी, हातात मालमत्ता कराचं बिल. एका ओळीत ‘शिक्षण कर’. तो 1962 च्या कायद्याचा. नगर परिषद वसूल करते आणि सरकारजमा करते, तुमच्या वॉर्डातल्या शाळेचं कौल त्यातून बदलेलच असं नाही. जिल्हा परिषदेत तर 2022 च्या मार्चनंतर काही वर्षं निवडून आलेलं कोणीच नव्हतं, प्रशासक सह्या करत होते.

शेवटचा मुक्काम मे महिन्यातला, मंडणगडाकडच्या गावात. 2020 च्या निसर्ग वादळाने या भागात शाळांचे पत्रे उडवले होते. ग्रामसभेत दुरुस्तीचा ठराव होतो, जिल्हा परिषदेकडे पाठवायचं ठरतं. तोवर पाऊस थांबणार नाही, म्हणून घरटी वर्गणी. पाचशे की हजार, यावर चांगली तासभर हुज्जत चालते. अखेर सरपंच म्हणतात, हात वर करा.

तुम्ही करता. शेजारचा काका दंड धरून खाली ओढतो. “तुमचं मत मुंबईला ना? खाली घ्या हात. वर्गणी मात्र मुंबईकरांची दोन हजार ठरलीय, पावती कोणाच्या नावाने फाडू?”