संगणकातला वाद्यवृंद निवडताना...

बांदा : मुंबई-गोवा महामार्गावर, तेरेखोल नदीकाठी वसलेल्या बांद्यात संगीत म्हटले की आधी आठवते ती दशावतारी नाटकातील पायपेटी, मृदंग आणि झांज. मोजक्या वादकांच्या बळावर रात्रभराचा खेळ रंगविणाऱ्या या परिसरात साठ-सत्तर वादकांचा पाश्चात्त्य वाद्यवृंद प्रत्यक्ष ऐकण्याचा योग क्वचितच येतो. मात्र नाटक, लघुपट किंवा भक्तिगीतांसाठी घरच्या संगणकावर संगीत रचणाऱ्याला आता व्हायोलिन, चेलो, ट्रम्पेट यांचा ताफा हाताशी ठेवता येतो. हे शक्य होते ते 'सॅम्पल लायब्ररी' म्हणजेच ध्वनिनमुन्यांच्या संग्रहामुळे. असे संग्रह अनेक आहेत आणि त्यांच्या किमती शून्यापासून लाखाच्या घरापर्यंत जातात. शिवाय एकदा उतरवून घेतलेला संग्रह बहुधा परत करता येत नाही की दुसऱ्याला विकताही येत नाही. त्यामुळे निवड विचारपूर्वक करावयास हवी.

संग्रह म्हणजे काय?

प्रत्यक्ष वादकाला स्टुडिओत बसवून वाद्याचा एकेक स्वर हळू, जोरात, आखूड, लांब अशा अनेक तऱ्हांनी ध्वनिमुद्रित केला जातो. कळपट्टीवर बोट ठेवले की त्यातील योग्य नमुना वाजतो. कळपट्टीकडून संगणकाकडे जाणारा 'मिडी' संदेश (ही पद्धत 1983 मध्ये आली) म्हणजे केवळ सूचना असते; नाद संग्रहातून येतो.

ही कल्पना जुनी आहे. 1963 मधील मेलोट्रॉन या वाद्यात प्रत्येक पट्टीमागे ध्वनिफितीचा तुकडा असे. 1979 मध्ये ऑस्ट्रेलियातील फेअरलाइटने हे काम संगणकीय पद्धतीने केले. 1998 च्या गिगासॅम्पलरने नमुने थेट हार्ड डिस्कवरून वाजविण्याची सोय केली आणि मोठ्या संग्रहांचा मार्ग मोकळा झाला. व्हिएन्ना सिंफनिक लायब्ररी, ईस्टवेस्ट, स्पिटफायर ही त्यानंतर पुढे आलेली नावे.

गोव्याचे वादक ते 'सैराट'

बांद्याच्या पलीकडे पत्रादेवी ओलांडली की गोवा. हिंदी चित्रपटसंगीतातील वाद्यवृंदाचा कणा दीर्घकाळ गोव्याच्याच वादकांनी आणि संयोजकांनी सांभाळला. माजोर्डा येथील अँथनी गोन्साल्विस यांनी 1958 मध्ये मुंबईत भारतीय सिंफनी वाद्यवृंद उभा केला. संगीतकार प्यारेलाल हे त्यांचे शिष्य. 'अमर अकबर अँथनी' (1977) मधील गाण्यात आलेले नाव ही त्याच गुरूला दिलेली मानवंदना. पुढे सिंथेसायझर आणि संगणक आले, तसे मोठ्या वादकसंचाचे काम आटत गेले. संग्रहांच्या सोयीला ही दुसरी बाजू आहे.

याउलट अजय-अतुल यांनी 'सैराट'साठी (2016) हॉलिवूडमधील सोनी स्कोअरिंग स्टेजवर प्रत्यक्ष वाद्यवृंद वाजवून घेतला. हा खर्च सर्वांना पेलणारा नाही. तरीही संग्रहातील तंतुवाद्यांवर एकाच खऱ्या व्हायोलिनवादकाचा थर चढवला, तरी रचनेत जीव येतो. स्टुडिओंतून ही युक्ती नेहमी वापरली जाते आणि त्यातून एका वादकाला कामही मिळते.

निवडीचे निकष

वादनप्रकार : लांब सूर, तुटक सूर, तार छेडणे, गज थरथरविणे आणि एका स्वरावरून दुसऱ्यावर अखंड जाणे (लेगाटो) हे प्रकार तंतुवाद्यांत असायलाच हवेत. लेगाटोमध्ये दोन स्वरांमधला प्रवासही ध्वनिमुद्रित केलेला आहे ना, हे तपासावे.

नादाचे थर : ट्रम्पेट जोरात फुंकला की आवाज केवळ मोठा होत नाही, त्याचा पोतही बदलतो. म्हणून प्रत्येक स्वराचे मंद ते तीव्र असे अनेक थर हवेत. तसेच एकाच स्वराचे पर्यायी नमुने हवेत; अन्यथा तोच नमुना भराभर वाजून मशीनगनसारखा परिणाम होतो.

जागेचा गुंज : व्हिएन्नाचे सुरुवातीचे संग्रह मुद्दाम 'कोरड्या' स्टुडिओत मुद्रित झाले, सभागृहाचा गुंज नंतर आपण मिसळायचा. स्पिटफायरचे अनेक संग्रह लंडनच्या एअर स्टुडिओतील, पूर्वी चर्च असलेल्या लिंडहर्स्ट सभागृहातले. तेथील गुंज सुंदर आहे, पण तो नमुन्यातच मुरलेला असल्याने काढून टाकता येत नाही. निरनिराळे संग्रह एकत्र वापरायचे असतील तर कोरडे नमुने सोयीचे पडतात.

संगणकाची ताकद : बीबीसी सिंफनी ऑर्केस्ट्रा या संग्रहाची सर्वांत लहान आवृत्ती सुमारे 200 एमबीची, तर सर्वांत मोठी सुमारे 600 जीबीची. मोठ्या संग्रहासाठी वेगवान एसएसडी आणि भरपूर रॅम हवी. कोकणच्या पावसाळ्यात वीज जाते, म्हणून यूपीएसचा खर्चही याच हिशेबात धरावा.

परवाना : नमुने वापरून केलेली रचना विकता येते, सुटे नमुने विकता येत नाहीत. चोरीच्या प्रती वापरू नयेत. व्यावसायिक कामात त्या अडचणीत आणतात.

मींड कोठून आणायची?

मराठी संगीतकाराची खरी अडचण येथे आहे. बहुतेक संग्रह पाश्चात्त्य वादनासाठी केलेले असतात. गंधारावरून पंचमापर्यंत सावकाश जाणारी मींड त्यात नसते. पिच बेंडचा दांडा वापरून ती आणता येते. पण स्वर फार लांब ओढला की वाद्याचा पोत बिघडतो. म्हणून वाद्यवृंदाकडे पार्श्वभूमी सोपवावी आणि मुख्य धून बासरी, सारंगी किंवा गळ्याकडे ठेवावी. आणखी एक चूक नेहमी घडते. सोळा व्हायोलिनांच्या नमुन्यावर तीन स्वर एकत्र दाबले की कानाला अठ्ठेचाळीस व्हायोलिने ऐकू येतात आणि रचना जड होते.

सुरुवात कशी करावी?

पैसे खर्च करण्यापूर्वी सोनाटिना सिंफनिक ऑर्केस्ट्रा किंवा व्हर्सिलियनचा सामुदायिक संग्रह यांसारख्या विनामूल्य संग्रहांवर किमान एक रचना पूर्ण करावी. काय कमी पडते, ते तेव्हाच कळते. विकत घेताना आधी तंतुवाद्ये घ्यावीत, कारण वाद्यवृंदाचा बहुतेक भार त्यांच्यावर असतो.

संकेतस्थळावरील नमुना-रचना कुशल संगीतकाराने सजवलेली असते. त्यावरून निर्णय घेऊ नये. संग्रह उघड्यावर वाजवून दाखविणारी चित्रफीत शोधावी आणि तीन गोष्टी ऐकाव्यात : एकट्या वाद्याची संथ धून, एकच स्वर भराभर वाजविल्यावर होणारा परिणाम आणि मंद स्वर हळूहळू तीव्र होताना मध्येच जाणवणारा सांधा. या तीन कसोट्यांना उतरलेला लहान संग्रहही वर्षानुवर्षे पुरतो. रात्रभराचा दशावतार ज्यांनी एका पायपेटीवर रंगताना ऐकला आहे, त्यांना हे निराळे सांगायला नको.