दूरध्वनीची जोडणी आणि दूरध्वनीचा वापर : भारतीय दूरसंचार-उद्योगाच्या रचनेचा ऐतिहासिक विचार

१

एखाद्या देशातील दूरसंचाराची वाढ मोजण्याची रूढ रीत अशी की, शंभर माणसांमागे दूरध्वनीच्या जोडण्या किती हे पाहावयाचे आणि त्या आकड्यावरून देशाचे पुढारलेपण अथवा मागासलेपण ठरवावयाचे. या रीतीत एक गृहीत दडलेले आहे. जोडणी ज्याच्या नावावर असते तोच, किंवा फार तर त्याचे कुटुंब, तिचा वापर करते, असे ते गृहीत होय. पश्चिम युरोपातील संपन्न देशांत ते बव्हंशी खरे होते. भारतात मात्र ते दीर्घकाळ खरे नव्हते. येथील दूरध्वनी नावाने एकाचा असला, तरी वापराने वाड्याचा, चाळीचा, पेढीचा, कित्येकदा सबंध आळीचा असे. यंत्रे निवडणाऱ्यांनी आणि योजना आखणाऱ्यांनी या फरकाकडे केव्हा लक्ष दिले व केव्हा दुर्लक्ष केले, हे पाहिल्यास भारतीय दूरसंचार-उद्योगाच्या इतिहासातील पुष्कळ घटनांची संगती लागते. त्याच दृष्टीने प्रस्तुत निबंधात या इतिहासाचे विवेचन केले आहे.

२

भारतात तारायंत्राची पहिली प्रायोगिक रेषा विल्यम ओ'शॉघ्नेसी याच्या देखरेखीखाली कलकत्ता व डायमंड हार्बर यांच्या दरम्यान टाकण्यात आली. हा काळ १८५०-५१ चा होय. पुढील पाच वर्षांत कलकत्ता, आग्रा, मुंबई व मद्रास ही शहरे तारेने जोडली गेली. १८५७ च्या उठावाच्या वेळी या तारांचे लष्करी महत्त्व सरकारच्या प्रत्ययास आले. तार ही राज्यसत्तेच्या हातची वस्तू आहे, ही धारणा त्यामुळे अधिक दृढ झाली.

दूरध्वनी आला तेव्हा सरकारची वृत्ती काहीशी दुटप्पी होती. १८८० मध्ये दोन कंपन्यांनी परवानगी मागितली असता, दूरध्वनी हा सरकारचा मक्ता आहे आणि हे काम सरकार स्वतःच करील, या कारणाने ती नाकारण्यात आली. लगेच पुढच्या वर्षी हा निर्णय फिरला आणि इंग्लंडच्या ओरिएंटल टेलिफोन कंपनीला कलकत्ता, मुंबई, मद्रास व अहमदाबाद येथे केंद्रे उघडण्याचा परवाना मिळाला. २८ जानेवारी १८८२ रोजी कलकत्त्याचे केंद्र सुरू झाले. त्याचे ग्राहक अवघे ९३ होते. त्याच वर्षी मुंबईतही दूरध्वनी आला.

या परस्परविरोधी निर्णयांना कायद्याची चौकट मिळाली ती १८८५ च्या भारतीय तार अधिनियमाने. त्याच्या चौथ्या कलमान्वये तारायंत्रे उभारण्याचा व चालविण्याचा अनन्य अधिकार सरकारकडे राहिला. परंतु योग्य वाटेल त्या अटींवर दुसऱ्या कोणास परवाना देण्याची मुभाही त्याच कलमाच्या परंतुकाने सरकारला मिळाली. हे परंतुक नीट ध्यानात ठेवणे अवश्य आहे. कारण शंभराहून अधिक वर्षांनी आलेला खाजगी दूरसंचार-उद्योग सर्वस्वी त्याच्याच आधारावर उभा राहिला.

१९४३ मध्ये मुंबई, कलकत्ता व मद्रास येथील दूरध्वनी कंपन्या सरकारने ताब्यात घेतल्या आणि हा व्यवसाय बहुतेक एकाच खात्याकडे आला. स्वातंत्र्याच्या वेळी देशात सुमारे ८० हजार दूरध्वनी होते. ते मुख्यत्वे सरकारी कचेऱ्या, व्यापारी पेढ्या व मोठ्या शहरांतील सधन घरे यांच्याकडे होते.

३

स्वतंत्र भारताने हा वारसा मोडला नाही. त्याला स्वदेशी उत्पादनाची जोड दिली. १९४८ मध्ये बंगलोर येथे इंडियन टेलिफोन इंडस्ट्रीज हा कारखाना स्थापन झाला. तेथे लिव्हरपूलच्या ऑटोमॅटिक टेलिफोन अँड इलेक्ट्रिक कंपनीच्या सहकार्याने स्ट्रौजर पद्धतीची यंत्रे होऊ लागली. तारांच्या जाड वेटोळ्यांसाठी पश्चिम बंगालमधील रूपनारायणपूर येथे हिंदुस्थान केबल्स, तर टेलिप्रिंटरसाठी १९६० मध्ये मद्रास येथे हिंदुस्थान टेलिप्रिंटर्स, असे उद्योग उभे राहिले. दिल्लीचे दूरसंचार संशोधन केंद्र १९५६ चे. त्याच सुमारास थेट डायल करून परगावी बोलण्याची सोयही आली. ती १९६० मध्ये प्रथम लखनौ व कानपूर या शहरांदरम्यान सुरू झाली.

या रचनेचे वैशिष्ट्य असे की, डाक व तार खाते एकाच वेळी तीन भूमिका बजावीत होते. सेवा चालविणारे तेच, सेवेचे नियम ठरविणारे तेच आणि यंत्रसामग्रीचे जवळजवळ एकमेव गिऱ्हाईकही तेच. कारखान्याला दुसरा ग्राहक नव्हता व खात्याला दुसरा कारखाना नव्हता. तेव्हा यंत्र सदोष निघाले, तरी खात्याला ते घेण्यावाचून आणि ग्राहकाला ते सोसण्यावाचून गत्यंतर नसे.

पंचवार्षिक योजनांत पोलाद, वीज व पाटबंधारे यांच्या तुलनेने दूरध्वनीचे स्थान गौण राहिले. तो चैनीची वस्तू समजला गेला. मागणी मात्र वाढतच होती. तिला आवर घालण्यासाठी नोंदणीच्या याद्या, त्यांतील प्राधान्याचे वर्ग आणि मोठी अनामत रक्कम भरणाऱ्यास लवकर जोडणी देणारी 'ओन युअर टेलिफोन' ही योजना, असे मार्ग अवलंबिण्यात आले. १९९१ मध्ये देशात सुमारे ५० लाख दूरध्वनी होते आणि सुमारे २० लाख अर्जदार प्रतीक्षेत होते. अर्ज न करताच आशा सोडलेले लोक या यादीत अर्थातच नव्हते.

४

जोडणी आणि वापर यांतील तफावत किती महाग पडू शकते, याचे उत्तम उदाहरण म्हणजे क्रॉसबार केंद्रांचा अनुभव होय. १९६४ मध्ये बेल्जियममधील बेल टेलिफोन मॅन्युफॅक्चरिंग कंपनीशी करार होऊन 'पेंटाकोंटा' नावाच्या क्रॉसबार पद्धतीची यंत्रे भारतात बनविण्याचे ठरले. स्ट्रौजर पद्धतीत तबकडीवर फिरविलेल्या प्रत्येक आकड्यागणिक स्वतंत्र यंत्र पायरीपायरीने सरकते व त्या संभाषणापुरते अडकून राहते. क्रॉसबार पद्धतीत मोजकी सामाईक नियंत्रण-यंत्रे सर्व ग्राहकांसाठी आळीपाळीने मार्ग जुळवून देतात. ही पद्धत अधिक काटकसरीची खरी. परंतु तिची सारी भिस्त, प्रत्येक तारेवरून तासागणिक किती कॉल होतील, या अंदाजावर असते.

हा अंदाज युरोपातील ग्राहकाच्या सवयीवरून बांधलेला होता. भारतात दूरध्वनी दुर्मीळ असल्यामुळे एका तारेवर कितीतरी अधिक माणसांचा भार पडत असे. परिणाम असा झाला की, सामाईक यंत्रे भाराखाली तुंबू लागली. कॉल लागला नाही की ग्राहक पुन्हा तबकडी फिरवी. तो अयशस्वी प्रयत्न त्याच यंत्रांवर नव्याने भार टाकी आणि केंद्र अधिकच तुंबे. पुढे दूरसंचार संशोधन केंद्र व बंगलोरचा कारखाना यांनी या पद्धतीत येथील वापराला अनुसरून फेरफार केले. पण तोवर मोठ्या शहरांतील ग्राहकांनी पुष्कळ वर्षे त्रास भोगला होता. 'चुकीचा नंबर' हा त्या काळच्या विनोदाचा नित्याचा विषय झाला होता. हा दोष यंत्राच्या कारागिरीपेक्षा त्याच्या निवडीचा अधिक होता, हे येथे ध्यानात घ्यावयास हवे. दुर्मीळता खात्याच्या धोरणाने निर्माण केली आणि त्या दुर्मीळतेचा भार सोसू न शकणारे यंत्रही त्याच खात्याने निवडले.

५

१९८० नंतरच्या दशकात या विचारसरणीत पालट झाला. एकीकडे १९८२ मध्ये फ्रान्सच्या अल्काटेल कंपनीशी करार होऊन उत्तर प्रदेशातील मनकापूर येथे अंकीय केंद्रांचा कारखाना निघाला. दुसरीकडे ऑगस्ट १९८४ मध्ये सी-डॉट ही संशोधन-संस्था स्थापन झाली. तिच्या उभारणीत सॅम पित्रोदा व जी. बी. मीमांसी यांचा मोठा वाटा होता. ३६ महिने व ३६ कोटी रुपये ही तिने स्वतःवर घालून घेतलेली मर्यादा सर्वश्रुत आहे. मोठ्या शहरी केंद्राचे उद्दिष्ट त्या मुदतीत पुरे झाले नाही, हे खरे. तथापि तिने प्रथम तयार केलेले १२८ जोडण्यांचे ग्रामीण केंद्र या इतिहासात फार मोलाचे ठरले. वातानुकूलनाविना, धुळीत व उन्हाळ्यात चालेल असे ते यंत्र होते. कर्नाटकातील कित्तूर येथे १९८६ मध्ये ते बसविण्यात आले. येथे प्रथमच यंत्राची आखणी येथील परिस्थितीपासून सुरू झाली. शिवाय हे तंत्र सरकारी व खाजगी अशा अनेक उत्पादकांना देण्यात आल्यामुळे एक कारखाना व एक गिऱ्हाईक ही जुनी जोडीही सैल झाली.

संघटनेतही बदल झाले. १९८५ मध्ये दूरसंचार विभाग डाक खात्यापासून वेगळा झाला. १९८६ मध्ये दिल्ली व मुंबई यांच्यासाठी महानगर टेलिफोन निगम, तर परदेशी दळणवळणासाठी विदेश संचार निगम स्थापन झाले. परंतु सामान्य माणसाला जाणवलेला बदल निराळाच होता. नाक्यानाक्यावर पिवळ्या रंगाच्या पाट्यांची सार्वजनिक दूरध्वनी केंद्रे उघडली. चालकाला कमिशनवर एक जोडणी द्यावयाची, संभाषणाचे पैसे दर्शविणारे यंत्र समोर ठेवावयाचे, एवढीच ही योजना होती. ती वाटताना अपंगांना प्राधान्य मिळाले, त्यामुळे कित्येकांची उपजीविकेची सोय झाली. रात्री उशिरा दर उतरत, तेव्हा या केंद्रांपुढे रांगा लागत. पूर्वी शेजाऱ्याच्या घरी संकोचाने जाऊन जे करावे लागे, तेच आता पैसे मोजून सन्मानाने करता येऊ लागले. वाटून वापरण्याची जी सवय नियोजनकारांना आजवर केवळ अडचण वाटली होती, तिच्याच आधारे नवी जोडणी घरोघर न देताही दूरध्वनी लक्षावधी लोकांच्या आवाक्यात आला.

६

१९९४ च्या राष्ट्रीय दूरसंचार धोरणाने खाजगी कंपन्यांना मूलभूत सेवेत प्रवेश दिला. शहरी भागात दर ५०० माणसांमागे एक सार्वजनिक दूरध्वनी आणि १९९७ पर्यंत प्रत्येक गावात दूरध्वनी, ही उद्दिष्टेही त्यात होती. त्यासाठी देश परवाना-मंडळांत विभागण्यात आला. भ्रमणध्वनीसाठी मुंबई स्वतंत्र राहून उर्वरित महाराष्ट्र व गोवा यांचे मिळून एक मंडळ झाले. ३१ जुलै १९९५ रोजी पश्चिम बंगालचे मुख्यमंत्री ज्योती बसू यांनी कलकत्त्याहून केंद्रीय मंत्री सुखराम यांच्याशी बोलून भ्रमणध्वनी सेवेचा आरंभ केला.

आरंभीची वर्षे कंपन्यांना कठीण गेली. लिलावात त्यांनी न झेपणाऱ्या रकमा बोलल्या होत्या आणि परवाना देणारा विभाग स्वतःच प्रतिस्पर्धीही होता. १९९७ मध्ये नियामक प्राधिकरण स्थापन झाले, तेव्हा त्याच्या अधिकारांवरून त्या विभागाशी न्यायालयात वाद झाला. पुढे १९९९ च्या धोरणाने ठराविक परवाना-शुल्काऐवजी उत्पन्नातील वाटा घेण्याचे ठरविले. २००० मध्ये तंट्यांसाठी स्वतंत्र न्यायाधिकरण व सेवा चालविण्यासाठी भारत संचार निगम निर्माण झाले. एका खात्यातील तीन भूमिका अशा प्रकारे बऱ्याच अंशी वेगळ्या झाल्या. २००३ मध्ये येणारा कॉल निःशुल्क झाला आणि २००४ मध्ये भ्रमणध्वनींची संख्या तारेच्या दूरध्वनींहून अधिक झाली. पैसे न पडता निरोप देणारा 'मिस्ड कॉल' ही येथील ग्राहकाने काढलेली काटकसरीची युक्तीही याच सुमारास सार्वत्रिक झाली. कंपन्यांनीही हाच धडा गिरविला. प्रतिस्पर्ध्यांनी मनोरे सामाईक करून खर्च वाटून घेतला.

या यशाला दोन उणिवांची जोड होती. सेवा वाढली, पण यंत्रोत्पादन मागे पडले. परदेशी सामग्रीपुढे बंगलोरचा जुना कारखाना टिकाव धरू शकला नाही. दुसरी उणीव खेड्यांविषयीची होय. तेथील दूरध्वनीची जबाबदारी खाजगी परवानाधारकांनी फारशी पाळली नाही आणि सार्वत्रिक सेवेसाठी जमविलेल्या निधीतील मोठा भाग वर्षानुवर्षे अखर्चित राहिला.

७

पुढील काळात उद्योगाची रचना पुन्हा आकुंचित झाली. २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने १२२ परवाने रद्द केले. २०१६ मध्ये रिलायन्स जिओच्या प्रवेशाने दर कोसळले आणि २०१९ च्या निकालाने जुन्या देण्यांचा बोजा वाढला. दहाबारा कंपन्यांच्या जागी तीन खाजगी कंपन्या व सरकारी निगम एवढेच प्रमुख स्पर्धक उरले. तारसेवा २०१३ मध्ये बंद झाली होती. १८८५ च्या अधिनियमाच्या जागी २०२३ चा दूरसंचार अधिनियम आला. सेवा चालविण्यासाठी शासनाची परवानगी मात्र त्यातही आवश्यक आहे.

आज देशातील जोडण्या शंभर कोटींहून अधिक आहेत. शहरी भागात शंभर माणसांमागे त्या शंभराहून पुष्कळ अधिक, तर ग्रामीण भागात साठांच्या आसपास आहेत. जुनी चूक येथे उलट दिशेने झालेली आढळते. पूर्वी एका जोडणीमागची अनेक माणसे मोजली जात नसत. आता एकाच माणसाच्या अनेक जोडण्या मोजल्या जातात. या मोठ्या आकड्याआड घरातील एकच यंत्र वाटून वापरणारी माणसे पुन्हा अदृश्य होतात. २०२० मध्ये शाळा बंद होऊन वर्ग दूरध्वनीवर भरू लागले, तेव्हा अशा घरांत वडील कामावरून परत येईपर्यंत मुलांचा वर्ग संपलेला असे.

सारांश, भारतीय दूरसंचाराच्या इतिहासात तंत्र अनेकदा बदलले व मालकीही बदलली. परंतु खरी प्रगती झाली ती यंत्रामागची माणसे ज्या ज्या वेळी मोजली गेली त्या वेळी. कित्तूरचे केंद्र व पिवळी पाटी ही त्याची साक्ष होय. यापुढील गणनेत जोडण्यांच्या शेजारी आणखी एक रकाना असावयास हवा : यंत्र हाती येण्यासाठी किती माणसांना दुसऱ्या कोणाची वाट पाहावी लागते, याचा.