विद्यापीठीय मराठी आणि वसईचा विद्यार्थी

मराठीच्या विद्यापीठीय अध्ययनाचा इतिहास आपल्याकडे बहुधा अभ्यासपत्रिकांचा इतिहास म्हणून लिहिला जातो. कोणता ग्रंथ केव्हा नेमला गेला, कोणाच्या काळात कोणती समीक्षादृष्टी रुजली, एवढ्यावर तो संपतो. ज्याच्यासाठी हे सारे चालते तो विद्यार्थी घरून कोणती भाषा घेऊन वर्गात येतो आणि वर्गाबाहेर पडल्यावर कोणत्या भाषेत जगतो, हा प्रश्न त्या इतिहासाच्या कक्षेत येत नाही. वसई-विरारच्या पट्ट्यात तो टाळताच येत नाही, म्हणून हा प्रदेश येथे विचारासाठी घेतला आहे.

मुंबई विद्यापीठ १८५७ साली लंडन विद्यापीठाच्या नमुन्यावर स्थापन झाले. शिकवण्याचे काम महाविद्यालयांचे आणि परीक्षेचे विद्यापीठाचे, ही त्यातली मूळ वाटणी. भाषा हा विषय त्यामुळे आरंभापासूनच ‘पेपर’च्या रूपात अवतरला. १८६०च्या दशकात तर देशी भाषा वरच्या परीक्षांतून बाजूला सारल्या गेल्या आणि संस्कृत, लॅटिन यांसारख्या अभिजात भाषांना अग्रस्थान मिळाले. एम.ए.च्या परीक्षेत मराठीला प्रवेश मिळाला तो न्यायमूर्ती रानड्यांच्या खटपटीने, त्यांच्या आयुष्याच्या अगदी अखेरीस. १९०१च्या जानेवारीत ते वारले. हा प्रवेश मोलाचा खराच. पण मराठी आत आली ती परीक्षेच्या अटी मान्य करून. लेखी, प्रमाण, ग्रंथनिष्ठ मराठी तेवढी अध्ययनाचा विषय ठरली. बोलली जाणारी मराठी दाराबाहेर राहिली. विद्यापीठाचा स्वतंत्र मराठी विभाग तर १९६९ साली अस्तित्वात आला.

वसईला या विद्यापीठाशी जोडले ते रेल्वेने. विरारहून मुंबईकडे जाणारी पहिली उपनगरी गाडी १२ एप्रिल १८६७ रोजी धावली. पुढची शंभर वर्षे वसईच्या मुलाला महाविद्यालयात जायचे म्हणजे खाडी ओलांडून मुंबईलाच जावे लागे. (वसईच्या किल्ल्यात जेझुइटांच्या महाविद्यालयाचे अवशेष आजही उभे आहेत, पण ती परंपरा १७३९च्या मराठी विजयानंतर खंडित झाली आणि आधुनिक उच्चशिक्षणाशी तिचे नाते स्मरणापुरतेच उरले.) १९७१ साली वसई रोड येथे विद्यावर्धिनीचे अण्णासाहेब वर्तक महाविद्यालय सुरू झाले, त्यानंतर वसईत संत गोन्सालो गार्सिया महाविद्यालय आणि विरारला विवा महाविद्यालय आले. विद्यापीठ अशा रीतीने वसईत पोहोचले. येताना अभ्यासक्रम मात्र त्याने जसाच्या तसा आणला.

या वर्गांत समोर बसणारा विद्यार्थी कोण होता? कोणी सामवेदी बोलणारा, कोणी वाडवळी बोलणारा, कोणी आगरी, कोणी कोळी, तर कोणी पूर्वपट्टीतला आदिवासी. ग्रिअर्सनने १९०५ साली भाषासर्वेक्षणाच्या सातव्या खंडात सामवेदी आणि वाडवळी यांची स्वतंत्र नोंद केली होती. सामवेदीचे, जिला कादोडी असेही म्हणतात, वैशिष्ट्य असे की ती सामवेदी ब्राह्मणांची आणि त्याच भागातल्या सामवेदी ख्रिस्ती, म्हणजे कुपारी, समाजाचीही घरची बोली आहे. धर्म निराळे, बोली एक. भाषा आणि अस्मिता यांच्या संबंधावर सिद्धांतन करू पाहणाऱ्यास याहून बोलके उदाहरण मिळणे कठीण. तरीही कला शाखेच्या तिसऱ्या वर्षाला मराठीचे सहा पेपर लिहिणाऱ्या विद्यार्थ्याला भाषाविज्ञानाच्या पेपरात बोलीची व्याख्या पाठ करावी लागे, आणि व्याख्येखाली वऱ्हाडी, अहिराणी, मालवणी ही ठरीव नावे लिहिली की गुण मिळत. स्वतःच्या आजीच्या बोलीचे नाव तिथे लिहिता येईल, असे त्याला सहसा सुचत नसे. सुचू नये, अशीच ती रचना होती.

‘ख्रिस्तपुराणा’चे उदाहरण अधिक बोधक आहे. फादर थॉमस स्टीफन्सचा हा ग्रंथ १६१६ साली रायतूरला रोमन लिपीत छापला गेला; शांताराम बंडेलूंनी त्याची देवनागरी आवृत्ती १९५६ साली पुण्याहून काढली आणि त्यामुळे तो मराठी वाङ्मयेतिहासाच्या अध्यापनात सुलभ झाला. वसईच्या वर्गात तो शिकवताना एक विसंगती घडते. ग्रंथ गोव्याचा, सतराव्या शतकाचा, ‘मराठी वाङ्मयाला ख्रिस्ती मिशनऱ्यांचे योगदान’ या शीर्षकाखाली. आणि समोरच्या बाकावर बसलेली मुलगी रविवारी चर्चमध्ये मराठी उपासनेत उत्तरे देऊन आलेली. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर (१९६२-६५) लॅटिनच्या जागी उपासनेत मराठी आली, ‘सुवार्ता’ मासिकाने ख्रिस्ती मराठी गद्याला वाचकवर्ग दिला. घरी सामवेदी, चर्चमध्ये प्रमाण मराठी, बाजारात हिंदी आणि नोकरीच्या अर्जात इंग्रजी, अशी तिची भाषिक दिनचर्या. हे जिवंत द्रव्य वर्गात हजर असताना अध्यापन मात्र ‘योगदान’ या भूतकाळवाचक शब्दावर थांबते. ‘सुवार्ता’चे दीर्घकाळ संपादक असलेले फादर फ्रान्सिस दिब्रिटो २०२० साली उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले तेव्हा अनेकांना नवल वाटले, त्या नवलाचे मूळ या अध्यापनात शोधावे.

पदव्युत्तर शिक्षणासाठी वसईचा विद्यार्थी कालिन्याला जातो. विरार फास्ट पकडायची, अंधेरीला गाडी बदलायची, सांताक्रूझला उतरायचे आणि रानड्यांच्याच नावाच्या भवनात मराठीचे तास ऐकायचे. ज्याला आपण ‘कॅम्पस’ म्हणतो, तासांनंतर रेंगाळण्याची, वाद घालण्याची, ग्रंथालयात संध्याकाळ काढण्याची ती जागा त्याच्या वाट्याला अपुरीच येते, कारण परतीची गर्दी त्याला उठवते. त्याचे खरे आवार म्हणजे डबा. तिथे मित्राशी तो बोलीत बोलतो, अनोळखी माणसाशी हिंदीत, आणि मांडीवर सौंदर्यशास्त्राच्या टिपणांची झेरॉक्स असते. भालचंद्र नेमाडे याच विद्यापीठात तौलनिक साहित्याच्या टागोर अध्यासनावर होते. देशीवादावरचा प्रश्न त्यामुळे इथल्या विद्यार्थ्याला परका नाही. त्याचे उत्तर तो निर्दोष प्रमाण मराठीत लिहितो. देशीपणाचा सिद्धांत देशी उच्चार झाकून मांडावा लागणे, याला केवळ विनोद म्हणून सोडून देता येणार नाही. प्रमाणभाषा ज्ञानव्यवहाराला हवीच, हे मान्य. पण बोलीला निदान पुराव्याचे स्थान द्यायला काय हरकत होती?

पुढे चौकट बदलली. २०११-१२पासून सत्र आणि श्रेयांक आले. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार २०२४-२५पासून संलग्न महाविद्यालयांत भाषा बहुसंख्यांच्या वाट्याला दोन श्रेयांकांची ‘क्षमता’ म्हणून येते. त्याच वर्षी, ३ ऑक्टोबर २०२४ला, केंद्राने मराठीला अभिजात दर्जा दिला. ज्या अभिजाततेच्या नावाने एकोणिसाव्या शतकात मराठी परीक्षेबाहेर गेली, तीच आता तिच्या अंगावर बिरुद म्हणून आली आहे. दरम्यान वसईच्या घरांतली मुले इंग्रजी माध्यमात गेली असून सामवेदीत आजीला उत्तर देणारे नातवंड विरळ होत आहे. कुपारी समाजात या बोलीत गाणी आणि लेखन होते आहे, ते विद्यापीठाच्या बळावर नव्हे.

अंतर्गत मूल्यमापनात आता बोलीवर प्रकल्प घेता येतो. विद्यार्थी शब्द गोळा करतात, फाईल लावतात, गुण मिळतात, सत्र संपते. या फायली महाविद्यालयांच्या ग्रंथालयांत नोंदवून ठेवल्या आणि वीस वर्षांचे असे संकलन एकत्र वाचले, तर सामवेदी-वाडवळीच्या कोशाचे कच्चे साहित्य त्यातून निघेल. त्यासाठी नवा अभ्यासक्रम नको, अनुदानही फारसे नको. एक कपाट आणि ते उघडणारा अध्यापक हवा.