समतोलाचा प्रश्न आणि झोतभट्टीची उंची

बारावीनंतरच्या प्रवेशपरीक्षेत एक प्रश्न हमखास असतो: ‘दाब वाढवला तर रासायनिक समतोल कोणीकडे सरकेल?’ उत्तर घोकून देता येते. पण प्रश्न जरा फिरवला की घोकंपट्टी उघडी पडते. महागड्या शिकवण्या ज्यांना झेपत नाहीत, अशा आमच्या कामगारबंधूंच्या मुलांनी म्हणूनच या प्रश्नाचा इतिहास पाहावा, असे आम्हांस वाटते.

१७९८ साली नेपोलियनबरोबर इजिप्तला गेलेल्या बर्तोले या फ्रेंच रसायनज्ञाला तेथील सरोवरांच्या काठी सोड्याचे थर दिसले. प्रयोगशाळेत सोडा आणि कॅल्शियम क्लोराइड यांपासून मीठ व चुनखडी होते. येथे मीठ व चुनखडी यांपासून सोडा झाला होता. द्रव्याचे प्रमाण पालटले तर क्रिया उलटही चालते, हे त्याने ताडले. १८६४ साली गुल्डबर्ग आणि वागे या नॉर्वेच्या दोघांनी त्याला गणिताचे रूप दिले.

पण खरी परीक्षा झाली ती कारखान्यात. झोतभट्टीत कार्बन मोनॉक्साइड हा वायू लोहखनिजातील ऑक्सिजन ओढून घेतो. तरीही त्यातला बराचसा वायू न वापरताच धुराड्यातून निघून जाई. खनिजाशी त्याचा सहवास कमी पडतो, असे समजून इंग्लंडातील कारखानदारांनी भट्ट्या तीस मीटरपर्यंत चढवल्या. पैसा ओतला, मजुरांनी विटा वाहिल्या. वायू निघून जायचा तो गेलाच! १८८८ साली ले शातेलिए याने दाखवून दिले की, हा दोष उंचीचा नव्हेच. क्रिया समतोलाला पोचली होती. पोचलेल्याला आणखी वेळ देऊन काय उपयोग?

‘क्रिया किती लवकर होईल’ आणि ‘ती कोठे जाऊन थांबेल’ हे दोन निराळे प्रश्न आहेत. कारखानदारांची गल्लत झाली ती येथेच, आणि विद्यार्थ्यांचीही येथेच होते.

आता अमोनियाचे पाहा. नायट्रोजनचा एक आणि हायड्रोजनचे तीन, अशा चार रेणूंचे दोन होतात. म्हणून दाब वाढवला की अमोनिया वाढतो. झोतभट्टीत मात्र वायूचा एक रेणू जातो आणि एक येतो. तेथे दाबाने समतोल हलत नाही. अमोनिया होताना उष्णता बाहेर पडते, म्हणून थंडपणा त्याला मानवतो. पण थंडीत क्रिया रखडते. १९०९ साली हाबर याने उत्प्रेरक, प्रचंड दाब आणि मधले तापमान यांची सांगड घातली. उत्प्रेरक दोन्ही दिशांची गती सारखीच वाढवतो. समतोलाची जागा बदलत नाही.

तेव्हा प्रश्न हाती आला की आधी विचारावे: गती विचारली आहे की जागा? मग दोन्ही बाजूंच्या वायूंचे रेणू मोजावेत, उष्णता कोणीकडे आहे ते पाहावे. एवढे केले तर पुष्कळसे प्रश्न सुटतात.

प्रश्नपत्रिकेत न येणारी एक गोष्टही मुलांना ठाऊक असावी. हाबरच्या पद्धतीचा पहिला मोठा कारखाना १९१३ साली जर्मनीत ओप्पाऊ येथे निघाला. २१ सप्टेंबर १९२१ रोजी तेथील खताच्या कोठारात स्फोट होऊन पाचशेंहून अधिक माणसे मेली. घट्ट झालेला ढीग सुरुंग लावून फोडण्याचा तेथे प्रघात होता. समतोल कागदावर शिकावा जरूर. पण भट्टीपाशी माणूस उभा असतो, हे विसरू नये.