मंडपेश्वर लेणे

मुंबई उपनगर जिल्ह्यातील एक शैव लेणे. साष्टी बेटाच्या उत्तर भागात, बोरिवली-दहिसर परिसरातील खडकात ते कोरलेले असून त्याचा काळ सु. सहावे शतक मानतात. स्तंभयुक्त मंडप, मागे गर्भगृह व बाजूंस दालने अशी त्याची रचना असून घारापुरी व जोगेश्वरी या लेण्यांशी तिचे नाते स्पष्ट दिसते. एका दालनातील नटराजाचे भव्य शिल्प हे येथील मुख्य वैभव होय.

१५३४ च्या तहाने वसई व साष्टी पोर्तुगीजांकडे गेली. सोळाव्या शतकाच्या मध्यास फ्रान्सिस्कन पंथीयांनी या लेण्याचे चर्च केले आणि वरच्या खडकावर मठ बांधला. त्याचे भग्नावशेष अद्याप उभे आहेत. देवस्थानाचे उत्पन्नही मठास लावून देण्यात आले. मंडपेश्वराचे ‘मोंपेझीर’ झाले ते याच काळात. दर्शनी भागातील एका शिल्पपटावर मूळ मूर्ती तासून क्रूस कोरण्यात आला. तो आजही दिसतो. अन्य काही शिल्पे मात्र भिंत व गिलावा यांआड झाकली गेली आणि झाकल्यामुळेच वाचली. येथील नटराजाची घडण आज पाहता येते, तिचे श्रेय काही अंशी या झाकणाऱ्यांनाच द्यावे लागते, हे चमत्कारिक खरे.

देवालयाचे चर्च होणे यूरोपात नवे नव्हते. रोममधील पँथीऑन हे हेड्रिअनच्या काळातील मंदिर सम्राट फोकासने पोप चौथा बॉनिफेस यास दिले व ६०९ मध्ये ते चर्च म्हणून अर्पण झाले. सु. ४३ मी. व्यासाचा त्याचा घुमट या वापरामुळेच शाबूत राहिला, असे सामान्यतः मानतात. तथापि ही तुलना फार ताणता येत नाही. रोममधील जुनी दैवतपूजा चौथ्या शतकाच्या अखेरीसच कायद्याने बंद झाली होती, म्हणजे पँथीऑन चर्च होण्यापूर्वी दोन शतकांहून अधिक काळ लोटला होता. मंडपेश्वर येथे मात्र नांदते देवस्थान काढून घेतले गेले.

१७३७–३९ च्या वसईच्या मोहिमेत साष्टी मराठ्यांकडे आली आणि लेण्यात पुन्हा शिवपूजा सुरू झाली. १७७४ मध्ये इंग्रजांनी साष्टी घेतली. त्यांच्या अमदानीत तेथे काही काळ ख्रिस्ती उपासनाही झाली. सध्या हे लेणे भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण खात्याच्या संरक्षणाखाली असून गर्भगृहातील शिवलिंगाची पूजा होते.